नगरपंचायतीच्या आराखड्यात नाल्याकाठी प्लॉट दाखवले. शहरं पुराची तयारी आधीपासून कशी करतात?

रपट्यापलीकडे:

नमस्कार मंडळी. आम्ही वरोऱ्याकडले, गावाचं नाव लिहत नाही. पंधराक हजार वस्ती, आधी ग्रामपंचायत होती आता नगरपंचायत झाली, आणि मागच्या आठवड्यात विकास आराखड्याचा नकाशा लागला. हरकती-सूचनांसाठी ३० दिवस आहेत त्यातले ९ गेले. नाल्याच्या डाव्या अंगाला जिथं आतापर्यंत सोयाबीन-तूर राहायची तो सगळा पट्टा नकाशात पिवळा करून टाकला, म्हणजे रहिवासी झोन. एका जणानं तर लेआउटचे खांब पण गाडले.

जुलै २०२२ मध्ये याच पट्ट्यात छातीभर पाणी होतं. आमच्या नाल्याला तेव्हा स्वतःचं पाणी फार नव्हतंच, वर्धा नदी इतकी भरली होती की नाल्याचं पाणी नदीत जायच्या ऐवजी नदीचंच पाणी नाल्यातून उलटं गावाकडे चढलं. मेसेज आला होता, रात्री पावणेबाराला ग्रुपवर, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे म्हणून, तेव्हा सगळे झोपलेले. अडीच वाजता शेजारच्या आजीला मी न माझ्या भावानं खाटेसकट उचलून शाळेत नेलं, तर शाळेला कुलूप. चाबी शिपायाकडे आणि शिपाई दुसऱ्या गावात. आजीला पाऊस लागत होता आणि आम्ही कुलूप तोडून राहिलो होतो.

मले विचारायचं हे का मोठी शहरं पूर, ऊन, वीज यासाठी आधीपासून नेमकं काय करतात? बातम्यांत 'आपत्ती व्यवस्थापन आराखडा' असा शब्द येतो पण त्यात असतं काय? आणि त्यातलं आमच्यासारख्या गावाला काय जमेल? हरकत लिहायची आहे, 'पाणी येते' इतकंच लिहून कोणी ऐकेल असं वाटत नाही.

निवृत्त शाखा अभियंता:

भाऊ, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि हरकतीत पहिल्यांदा तेच लिहा, की हा पूर नाल्याचा नव्हता, नदीच्या दाबाचा होता. कारण बहुतेक ठिकाणी नाल्याचा हिशोब नाल्यात पडणाऱ्या पावसावर करतात आणि पुलियाचे पाइप त्याप्रमाणे टाकतात. नदी फुगली की तो हिशोब कामाचा राहत नाही, पाइप कितीही मोठा टाका, पाणी उलटंच येणार.

आता शहरं काय करतात ते. आपल्या राज्यात नदीकाठी दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको, निळी आणि लालच्या मधात अटींवर. पाटबंधारे खातं या रेषा आखतं आणि त्या विकास आराखड्यावर उतरायला पाहिजेत. तुमच्या नकाशावर त्या आहेत का ते आधी पहा. मोठ्या नदीला असतात, नाल्याला बऱ्याचदा नसतात, आणि तुमच्यासारखी गावं त्याच फटीत सापडतात.

लोकांचा एक गैरसमज मी नोकरीत खूप पाहिला. २५ वर्षांचा पूर म्हटलं की लोक म्हणतात २०२२ ला येऊन गेला, आता २०४७ पर्यंत निवांत. तसं नाही. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात ४ शक्यता. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. समजा कोणी निळ्या रेषेवर घर बांधलं आणि ३० वर्षांचं कर्ज घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा घरात पाणी येण्याची शक्यता शंभरात ७० निघते. लाल रेषेवरच्या घराला सुद्धा शंभरात २६. हा आकडा सुनावणीत सांगा, समजतो लोकांना.

लेआउटमध्ये प्लॉट घेतला आहे:

मी पण त्याच बाजूचा, बहुतेक ह्याच गावचा. काका तुम्ही रेषा रेषा म्हणता पण आम्ही तिथं प्लॉट घेतलाय, पाच वर्षं पैसे जमवून, कापसाचे न बायकोच्या शिवणकामाचे. उद्या लाल रेषा आली तर तो प्लॉट कोण घेईल? बँक कर्ज देईल का? गावात दुसरीकडे जमीन इतकी महाग आहे की आमच्यासारख्यानं तिकडे जायचं तरी कसं, म्हणून तर लोक नाल्याकडे जातात. हरकत घेताना आमचा पण विचार करा एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त शाखा अभियंता:

तुमचं दुःख खरं आहे, ते मी खोडत नाही. पण रेषा आखल्यानं पाणी येत नाही, पाणी आधीच येऊन गेलं. न आखता घर बांधलं तर प्लॉटसोबत घराचेही पैसे जातील. तुम्ही पण हरकत द्या, वेगळी द्या. त्यात लिहा की या पट्ट्यात ज्यांनी आधीच प्लॉट घेतले त्यांना उंचावरच्या जागेत बदली जागा मिळावी, आणि गावठाण वाढवायचं तर उंच अंगाला वाढवावं. मागितलं नाही तर नक्कीच मिळणार नाही.

सुरतेतला वऱ्हाडी:

मी मूळचा शेगावकडला, कापड मार्केटला आहे पुष्कळ वर्षांपासून. सुरतेचं सांगतो कारण ते पाणी अर्धं आपलंच आहे. आपली पूर्णा अकोला-बुलढाण्यातून जाते, चांगदेवला तापीला मिळते, पुढे हतनूर, मग उकाई, मग सुरत. उकाई धरण शहराच्या वर साधारण शंभर किलोमीटर. ऑगस्ट २००६ मध्ये धरण भरत आलेलं, वरून पाणी चालूच, मग एकदम इतकं सोडावं लागलं की शहराचा बहुतेक भाग बुडाला. माझे घरमालक सांगतात, पहिल्या मजल्यावर दोन दिवस होते, खाली गल्लीत मीटरच्या डब्यापर्यंत पाणी. भिंतीवर त्यांनी अजून रेघ ठेवली आहे, रंग मारताना तेवढी जागा सोडतात.

त्याच्यानंतर शहरानं जे शिकलं ते माझ्या मते एका वाक्याचं आहे, पूर शहरात येतो पण त्याचा उपाय शहराच्या हद्दीत नसतो. म्हणून वरच्या भागात पाऊस किती पडला, धरणात किती येऊन राहिलं, किती सोडलं तर शहरात कोणत्या भागात किती चढेल, हे सगळं आधीच जोडून ठेवायचं. धरण ऑगस्टातच गच्च भरून ठेवायचं का पुरासाठी जागा रिकामी ठेवायची ह्याच्यावर खूप भांडणं झाली, कारण शेतीला पाणी पाहिजे, विजेला पाहिजे, आणि पुरासाठी मात्र रिकामं पाहिजे. पण आता थोडं थोडं आधीपासून सोडतात आणि कोणत्या विसर्गाला कोणता मोहल्ला हलवायचा हे ठरलेलं असतं.

तुमच्या गावासाठी ह्यातला अर्थ इतकाच का वरच्या अंगाला, समजा वीस-तीस किलोमीटरवर, नदीकाठी कोणीतरी ओळखीचा माणूस पाहिजे. पुलाच्या खांबावर पाणी कुठं आहे ते फोनवर सांगणारा. आपल्याकडे पाहुणे नाहीत असं गाव आहे का!

आशाताई, वणी तालुका:

पुराचं बाकीचे सांगतील, मी उन्हाचं लिहिते कारण पूर पाच-दहा वर्षांत एकदा येतो, ऊन दरवर्षी येते आणि त्यात गेलेला माणूस पुराच्या बातमीसारखा दिसत नाही. घरच्यांना वाटतं म्हातारा होता, गेला. दाखल्यावर हार्ट लिहिलं जाते.

आमच्या ट्रेनिंगमध्ये अहमदाबादचं सांगितलं होतं ते मला फार पटलं. मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ पर्यंत गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, नंतर मृत्यूच्या नोंदी मोजल्यावर दिसलं. मग २०१३ मध्ये महानगरपालिकेनं उन्हाचा कृती आराखडा केला, आपल्या देशातला पहिला. पुढे अभ्यास झाला त्यात अंदाज निघाला की वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले. आणि केलं काय तर फार मोठ्या गोष्टी नाहीत. हवामान खात्याचा अंदाज आला की तापमानाप्रमाणे पिवळा, नारिंगी, लाल इशारा. ४५ च्या वर लाल. इशारा लाल झाला की कोणत्या खात्यानं काय करायचं ते आधीच लिहिलेलं, बगीचे दुपारी उघडे ठेवायचे, पाणपोया, दवाखान्यात बर्फ आणि ओआरएस, झोपडपट्टीत छतांना चुना. नागपूरनं पण नंतर असा आराखडा केला.

पण आपल्या गावात कोण लिहिणार? मी माझ्या भागात स्वतःच एक वही केली आहे. टिनाचं घर, एकटं राहणारे म्हातारे, बाळंतीण, बीपी-शुगरची गोळी चालू असलेले, अशी ६२ घरं. मार्चच्या शेवटी वही नवीन करते. पारा चढला की त्याच घरांत आधी जाते, बाकीची नंतर. रात्री पण खोली थंड होत नसेल तर धोका जास्त, हे लोकांना माहीतच नाही, त्यांना वाटतं ऊन फक्त दुपारी लागते. टिनावर चुना मारा, वरून तुराट्या टाका, फरक पडतो, हात लावून पहा. तेंदूपत्त्याच्या दिवसांत बाया पहाटे चारला निघतात आणि अकराला येतात, ते बरोबर आहे, पण रोजगार हमीच्या कामाला बाराला हजेरी घेतात तिथं कोणीतरी बोललं पाहिजे. दादा, तुमच्या हरकतीत हे पण टाका की बसस्टँड आणि आठवडी बाजारात सावली आणि पाणी दाखवा. नकाशावर बाजाराची जागा आहे पण झाडाची नाही, असं असते बऱ्याचदा.

मोर्शीकर:

मोवाडचं कोणी लिहिलं नाही अजून. ३० जुलै १९९१, वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली, नरखेड तालुक्यातलं चांगलं भरलेलं गाव होतं. माझी आत्या तिकडची. ती पूर म्हणत नाही, 'मोवाड' म्हणते, 'मोवाडच्या वर्षी' असं. गाव नंतर उंच जागेवर वसवलं. वसवता येते हे म्हणायचं आहे मला, पण ते माणसं गेल्यावर झालं. तुम्ही आधी मागून राहिले, मागा.

वैनगंगेकाठचा:

नमस्कार राजेहो. आमी ब्रह्मपुरी तालुक्यातले. ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले, वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी, भंडाऱ्यात घरात पाणी, आणि आमच्याकडे तर पाऊस पण नव्हता, ऊन पडून होतं आणि नदी चढून राहिली होती. लोकाईले खरंच वाटे ना. आभाळ साफ हाय त पूर कसा येईल? ढोरं सोडली नाहीत, धान गेला, मोटारी गेल्या.

म्हणून माझं म्हणणं, सुरतवाल्या भाऊचं जे हाय तेच. इशारा पावसाचा नाही, धरणाचा पाहा. आणि दुसरं, पैसे लागत नाहीत अशी कामं पुष्कळ हायेत. आमच्या गावात त्याच्यानंतर आमी हे केलं. कोणाकडे डोंगा हाय, तो पाण्यात हाय का वाळत घातला, वल्हवते कोण, हे लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. ढिवर समाजाची पोट्टे पाण्यात कोणापेक्षा सरस, त्यायले विचारून रस्ता ठरवला का रात्री कुठून जायचं, विहिरी कुठं, तारा कुठं. मुनादीवाला ठरवला, मोबाईल बंद पडला तरी हलगी बंद पडत नाही. शाळेची चाबी तीन घरी. ढोरं पहिले सोडायची हे पण ठरवलं, माणूस ढोरासाठी मागे राहते आणि तिथंच फसते, म्हणून ढोरायची जागा आधी पाहून ठेवा. ह्याच्यात खर्च किती? तीन चाब्यांचा.

एक प्रश्नार्थी:

हे सगळं वाचून चांगलं वाटलं पण खरं सांगू का, आपत्ती आराखडा म्हणजे कपाटातली फाईल असते हा माझा अनुभव आहे. आमच्या एका कार्यालयात मी मागितला तर त्यात अधिकाऱ्यांचे फोन नंबर होते, त्यातले निम्मे बदलून गेलेले साहेब. बदली झाली की नंबर मेला. मग अशा कागदाचा उपयोग काय?

नागपूरला प्लॅनिंग शिकते:

दादा, ह्याला उत्तर आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं, जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून सुधारायचा असं कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे जुने नंबर असतील तर ती नुसती ढिलाई नाही, कायद्याचं काम राहिलेलं आहे, लेखी मागता येतं. आमच्या सरांनी एक गोष्ट शिकवली की नंबर माणसाचा नाही, पदाचा लिहायचा, आणि प्रत्येक पदाला दुसरा माणूस जोडायचा. ओडिशाचं उदाहरण नेहमी देतात. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधी हलवले आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले आणि गावातल्या पोरापोरींना वर्षावर्षाला सराव दिला. नुसती फाईल असती तर ते झालं नसतं.

आणि मोठ्या शहरांना सगळं जमतं असं पण नाही हं. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीच्या काठच्या घरांत लोक झोपेत होते. मी तेव्हा बारावीत होते, आमची गल्ली वर होती म्हणून वाचलो, मैत्रिणीची सगळी पुस्तकं गेली. त्या नदीला आपण कितीतरी वर्षं नालाच म्हणत आलो.

आता हरकतीचं. नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली आराखडा प्रसिद्ध होतो आणि कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, तिथं तुम्हाला बोलता येतं. मी लिहिली असती तर अशी लिहिली असती: सर्व्हे नंबर टाका, प्रत्येक सर्व्हे नंबरवर २०२२ ला किती पाणी होतं ते फुटात टाका, फोटो असेल तर तारखेसकट. मग काय नको इतकंच लिहू नका, काय पाहिजे तेही लिहा, हा पट्टा रहिवासीऐवजी मैदान, बगीचा, बाजाराचं पार्किंग, असं मोकळं ठेवा. मैदानात दोन दिवस पाणी राहिलं तर काही बिघडत नाही. आणि नकाशात दवाखाना, शाळा, सबस्टेशन, पाण्याची टाकी कुठं दाखवली ते बघा. शाळा खाली आणि दारूचं दुकान उंचावर असं झालेलं मी पाहिलं आहे. शाळा उंचावर पाहिजे कारण पुराच्या रात्री लोक तिकडेच जाणार, ताईंनी सांगितलेल्या उन्हासाठी सुद्धा तीच इमारत कामी येईल. अजून एक, नवीन रिंगरोड दाखवला असेल तर तो जमिनीपासून किती उंच आहे ते विचारा. उंच रस्ता म्हणजे बांधच, त्याच्या खालून पाणी जायला वाट ठेवली नाही तर जे गाव आजपर्यंत बुडलं नाही ते बुडेल.

रपट्यापलीकडे:

सगळ्यायचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पाच दिवस झाले, काय केलं ते सांगतो.

रविवारी आम्ही सहा जण आणि गावातले एक ऐंशी वर्षांचे बाबाजी नाल्यानं चालत गेलो, नदीच्या तोंडापासून वरच्या रपट्यापर्यंत. बाबाजींनी काठी टेकवत टेकवत सांगितलं का २०२२ चं पाणी इथं, आणि त्याच्याआधीचं एक मोठं पाणी त्यांच्या लहानपणी त्याहून पुढे, मारुतीच्या पायरीला. ते मारुतीचं देऊळ नव्या लेआउटच्या पलीकडे आहे, म्हणजे सगळा लेआउट पाण्याच्या आत. मोबाईलमध्ये प्रत्येक जागेचं लोकेशन टाकलं, १७ जागा झाल्या. नकाशावर निळी रेषा नदीला आहे, नाल्यात वळून येत नाही, नाल्याच्या तोंडाशी संपते. अभियंता काका तुम्ही म्हणले होते तेच.

प्लॉटवाले भाऊ, तुमच्याशी फोनवर बोललो, तुम्ही शेजारच्याच वॉर्डातले निघाले. बदली जागेची मागणी वेगळ्या अर्जात टाकतो, तुम्ही सही करा आणि बाकीच्या अकरा जणांना पण सांगा. दोन्ही अर्ज सोबतच देऊ, म्हणजे कोणाले असं वाटू नये का आम्ही तुमच्या पोटावर उठलो.

शाळेच्या चाब्या तीन झाल्या. एक माझ्याकडे, एक त्या आजीच्या सुनेकडे, एक पोलीस पाटलाकडे. मुख्याध्यापक बाईंनी लगेच हो म्हटलं, त्यांनाही त्या रात्रीचं माहीत होतं. आमच्या आशाताईंनाही वहीचं सांगितलं, त्यांची पण वही आहे, नुसती कोणी विचारली नव्हती.

आता एकच अडलं. २०२२ च्या नुकसानीचे पंचनामे झाले होते, तलाठी आणि कृषी सहायक घरोघरी आले होते. त्यात कोणत्या सर्व्हे नंबरवर पाणी होतं ते सरकारी कागदावर असणार. ते मिळतात का आणि कुठं?

निवृत्त शाखा अभियंता:

मिळतात. तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा, जुलै २०२२ च्या अतिवृष्टी व पूर नुकसानीचे संयुक्त पंचनामे आणि मदत वाटपाची गावनिहाय यादी, तुमच्या गावाचं नाव टाकून. पण त्याला ३० दिवस लागू शकतात आणि तुमच्या हातात सोळाच उरले, म्हणून हरकत थांबवू नका. उद्याच द्या, पोच घ्या, आणि हरकतीत लिहा की पंचनाम्याच्या प्रती मागवल्या आहेत, सुनावणीत सादर करू. ज्यांना मदत मिळाली त्यांच्या बँक पासबुकात ती रक्कम दिसेल, तोपर्यंत त्या पानाची झेरॉक्स जोडा, खाते नंबर झाकून. आणि बाबाजींना सुनावणीला सोबत न्या, जमलं तर गाडी करून. मारुतीच्या पायरीचं त्यांनीच सांगू द्या.

रपट्यापलीकडे:

बाबाजी तयार आहेत. आजच म्हणत होते, तारीख कळली का म्हणून.